मेंढ्यानं मोडलेला गुडघा

अण्णा, काल तुमच्या नातीबरोबर सिनेमाला गेलो होतो. तुम्ही तिला पाहिलं नाही, आता कॉलेजात आहे. सिनेमात लढाईच्या काळातला एक लबाड माणूस मेलेल्या शिपायाचा गणवेश चढवतो आणि न केलेल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत गावोगाव मान मिळवतो. शेवटी त्याचं पितळ उघडं पडलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठेनात.

तुम्हीही फौजी नव्हतात. वाळूजच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून गळ्यात शिट्टी अडकवून, मिशीला पीळ देऊन उभे राहायचात. साहेबसुद्धा तुम्हाला फौजीच म्हणायचे. लंगडण्याबद्दल कुणी विचारलं, की सरहद्दीवर गोळी लागली म्हणायचात आणि मी शाळेत तेच छाती फुगवून सांगायचो. तुमच्या दहाव्याला आत्या बोलून गेली, "कसली गोळी रं? खुलताबादच्या माळावर मेंढ्यानं धडक दिली, गुडघा मोडला. भरतीत घेतलं नाय. लाजंनं दोन वरसं घरी आला नाय, आला तो फौजी होऊनच." मी तुमच्यावर फार चिडलो होतो, अण्णा.

पण मग ती आग? तेव्हा मी त्याच कारखान्यात नवा लागलो होतो. रंगाच्या शेडमध्ये धूर कोंडला, दार कुठं ते कळेना, आम्ही नऊ जण भिंती चाचपत होतो. बाकीचे सगळे गेटबाहेर पळाले आणि तुम्ही तो पाय ओढत आत आलात. धुरातून आधी तुमची आरोळी आली, आजोबा मेंढ्या हाकताना द्यायचे तीच, "हुर्र, हुर्र!" मग ओरडलात, "पुढच्याचा सदरा धरा रं! कुनी सोडायचं नाय!" माना खाली घालून, एकामागं एक, आम्ही कळपासारखे बाहेर आलो. साहेब म्हणाले, "याला म्हणतात मिलिटरी ट्रेनिंग." तुम्ही खोकत खोकत सॅल्यूट ठोकलात.

मी आत आहे हे तुम्हाला ठाऊकही नव्हतं. जन्मभर फौजी म्हणवून घेतलेल्या माणसाला त्या दिवशी गेटवर थांबता आलं नाही, एवढंच. आणि वाट काढायला कामी आला तो मेंढरांमागं फिरलेला पोरगा, ज्याला तुम्ही जन्मभर लपवलंत.

काल घरी आल्यावर लेकीला सगळं खरं सांगितलं. मेंढा, गुडघा, भरती. ती हसली. "काहीही काय, बाबा! नऊ माणसं बाहेर काढली आजोबांनी. फौजी नव्हते म्हणे!"

हे पत्र तुमच्या शिट्टीजवळ कपाटात ठेवतोय. आत्या अजून आहे, एक फोन लावला असता तर पोरीला पटलं असतं. मी लावला नाही. तिला पटलं नाही याचंच मला बरं वाटलं, अण्णा.