तीन थेंब, मग चार

धायरी, पुणे
६ जानेवारी २०२५, सोमवार

ती. नागोराव भाऊजींना,
रामदासचा साष्टांग नमस्कार.

तांदळाचं पोतं परवा पोचलं. तुमचा खुबा कसा आहे? काठी घेऊन अंगणापर्यंत जाता असं कळलं, बरं वाटलं. इकडे थंडी बेताचीच. तुमची भाची उत्कर्षा सासरी रुळली. तिच्या लग्नाचे फोटो आले आहेत, पण ते सोबत पाठवत नाही.

पोत्यात तुमची चिठ्ठी होती, 'मास्तर, तुम्ही होते म्हणून वेणू वाचली.' शकूनं ती वाचली आणि पोतं तसंच बांधून ठेवलं. रोज विचारते, "लिहिलंत का भाऊजींना?" आज म्हणाली, "चौतीस वर्षं पोरांच्या उत्तरांवर लाल रेघा मारल्यात, आता स्वतःचं उत्तर लिहा." फोनवर तुम्ही 'हौ मास्तर, हौ' म्हणता आणि मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो. म्हणून उद्या गावी निघणाऱ्या पोपटच्या हाती हे देतो आहे.

ताईला घेऊन गुरुवारी गावी यायला निघतो आहे. बरी झाली म्हणून नव्हे. उजवं अंग आणि वाचा परत येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. हृदय फार थकलं आहे. जे दिवस उरलेत ते घरी काढू द्या, असं त्यांनी सांगितलं. मी तुम्हाला 'सुधारणा आहे' म्हणत होतो, ते खोटं होतं.

आणखी एक खोटं आहे. मी दिलेल्या आयोडीनच्या थेंबांच्या बाटल्यांची मुदत संपली, फेकून द्या, असं मी फोनवर सांगितलं. मुदत संपली नव्हती. ते थेंबच ताईला बाधले.

शाळेत दरवर्षी मी मुलांना घरून मिठाच्या पुड्या आणायला सांगायचो. त्यावर तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकला की आयोडीनचं मीठ निळं व्हायचं. एकदा तुमच्या घरचं खडेमीठ आणून पाहिलं, पांढरंच राहिलं. त्या दिवशीच ताईच्या गळ्यावरच्या गाठीचं मूळ मला सापडलं होतं, आणि ते बरोबरही होतं. चूक पुढे झाली. मिठातली चिमूट गुणाची, म्हणून बाटलीभर जास्त गुणाची, असा हिशेब मी केला. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे लेख होते. एक बाजू मी चष्मा लावून वाचली, दुसरी चष्मा काढून.

सप्टेंबरात साखरपुड्याला तुम्ही दोघं आलात, तेव्हा ताईला कर्वेनगरच्या डॉक्टर सरोजिनीबाईंकडे नेलं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "गाठ जुनी आहे. घरात आयोडीनचं मीठ ठेवा, बास. असल्या गाठीला एकदम जास्त आयोडीन दिलं तर ती बेफाम होते, हृदयाचे ठोके बिघडतात." मी म्हणालो, "मॅडम, मी आयोडीन शिकवलंय." त्या म्हणाल्या, "मग परीक्षा वहीवर घ्या, यांच्या गळ्यावर नको." तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. मी येऊन तुम्हाला म्हणालो, डॉक्टर थेंब द्या म्हणाल्या.

नोव्हेंबरात तुमचा फोन आला, "मास्तर, तुमच्या ताईचे हात थरथरून राह्यले, चहा सांडते." आणि मी, विज्ञानाचा मास्तर, म्हणालो, लागू पडतंय, तिनाचे चार थेंब करा. तुम्ही केलेत. एकादशीलाही चुकवले नाहीत.

डिसेंबरात लग्नाला तुम्ही खुब्यामुळे येऊ शकला नाहीत; तिच्या हातातून अक्षता खाली सांडत होत्या. ती वाळली होती, त्यामुळे गाठ उलट जास्तच दिसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप धरलेला असताना, ती कलंडली; ठोके बिघडून रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. दवाखान्यात विचारलं, वरून काही औषध चालू आहे का? मी म्हणालो, नाही. पुढचे दोन दिवस हेच म्हणालो. शेवटी शकूनं ताईच्या पिशवीतली बाटली काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मी शेजारी उभा होतो. आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही लिहितो. तब्येतीसाठी नव्हे. साखरपुड्यात उत्कर्षाच्या सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्या भगिनींच्या गळ्याला काय झालंय हो? घराण्यातलं नाही ना?" मी शरमेनं अर्धा झालो. लग्नाच्या आत गाठ जायला हवी होती, फोटोसाठी. पहिली बाटली हातात देताना ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चाळीस वर्सं झाले, माह्या अंगाचंच हाय ते. पण तुले लाज वाटत असन तं दे, घेतो मी."

तिला सगळं कळलं होतं, भाऊजी. तरी तिनं घेतले.

गुरुवारी सकाळी गाडी निघेल, शुक्रवारी पोचू. शकू तिच्याजवळ बसेल. मी पुढे बसेन. तुमच्या दारात उतरायचं की गाडीतच बसून राहायचं, हे तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही. आता कुणी खोलीत आलं की ती डाव्या हातानं पदर गळ्यावर ओढून घेते. परक्यांसाठी ओढते असं मला वाटत होतं. काल खोलीत मी एकटाच गेलो, तरी ओढला.

लोभ असावा असं लिहायचा हक्क राहिलेला नाही. यापुढे मला मास्तर म्हणू नका.

वेणूताईचा भाऊ,
रामदास