गायधनी बाईंचा नकार

नाशिक, १२ ऑगस्ट १९८४

ती. आईस चांगुणाचा सविनय जयभीम.

मी खुशाल आहे. वसतिगृहाचं जेवण बरं असतं, काळजी करू नकोस. तुझा खोकला थांबला का?

गंगापूर रोडच्या आमच्या कचेरीतून कारखान्यांना माणसं पुरवतात, हे तुला ठाऊक आहेच. मी टायपिंग करते. मालकीण गायधनी बाई बोलायला फटकळ, पण असं माणूस मी पाहिलं नाही.

सोमवारी एका मोठ्या कारखान्याचे साहेब आले. आम्ही दिलेला फिटर, निवृत्ती साळवे, त्यांनी परत पाठवला होता. बाईंनी विचारलं, "कामात चुकला का?"

"काम चोख आहे हो. पण पुढच्या वेळी जरा आडनाव बघून पाठवा."

मी तिथंच टाइप करत होते. माझी बोटं थांबली.

बाई म्हणाल्या, "यापुढे तुम्हाला आमच्याकडून माणूस मिळणार नाही."

एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं, आता कचेरीचं कसं होणार ही धास्ती आहेच. पण निवृत्तीला बाईंनी स्वतः सोबत जाऊन सातपूरला कामाला लावलं.

मग नकाराचं पत्र मला टाइप करायला सांगितलं. मी सहीसाठी कागद पुढे केला, तर म्हणाल्या, "कचेरीतर्फे तूच सही कर. आडनावासकट."

आई, मी पेन उचललं गं. 'चांगुणा धोंडीराम पगारे' सुरेख उमटलं.

केरू, आईला पत्र तूच वाचून दाखवतोस, तर एवढं बाबांनाही मोठ्यानं वाचून दाखव रे.

तुमची,
चांगुणा