हळद-कुंकू लावलेलं बँकेचं पत्र

आई, तुझ्या जावयाला बँकेने नाही म्हटलं. मला हो म्हटलं, त्याला नाही. बदलापूरला शिरगावात दोन खोल्यांचा फ्लॅट आम्ही दोघांच्या नावावर घेणार होतो, टोकनही दिलं होतं. मंगळवारी बँकेतल्या मुलीने स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि त्याच्या नावापुढची एक जुनी ओळ दाखवली. त्याचं मोबाइलचं दुकान बुडालं तेव्हाचं कर्ज, अर्धं भरून मिटवलेलं. "सर, आमच्याकडे हे पूर्ण फेडलेलं दिसत नाही. तुम्हाला या कर्जात घेता नाही येणार." मला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. मी तिच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

तू ते कर्ज मिटवलंस तो दिवस मात्र लख्ख आठवतो. कॅम्प पाचच्या वस्तीतलं आपलं स्वयंपाकघर, कोपऱ्यात धागे कापायला आणलेल्या जीन्सचा ढीग, आणि वसुलीचा माणूस त्याच ढिगाला टेकून चहा पितोय. जन्मभर शेठ लोकांशी मजुरीवरून घासाघीस केलेली तू, तुला त्याचं काय अवघड! "भाय, दुकान बंद पडा, लडका भागा नहीं ना? आधे में खतम करो, और चाय लो." बाजारात असंच मिटतं. अर्धे घ्यायचे, चहा प्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा व्यवहार सुरू. बँकेचंही तसंच असणार हे तू धरून चाललीस, आणि आम्हीही. कर्ज मिटल्याचं बँकेचं पत्र आलं तेव्हा तू त्याला हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवलंस, गल्लीत पेढे वाटलेस आणि जावयाला म्हणालीस, "आता मान वर करून चाला." वाचलेल्या पैशांतून मला कानातले केलेस.

बँकेचा जिना उतरताना मी त्याला म्हटलं, "तुझ्यामुळे झालं हे सगळं." तो "हो" म्हणाला. मग मी तुझं नाव काढलं, तेव्हा मात्र थांबला. "आईंना मध्ये आणू नकोस. कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्या होत्या." खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "तुझ्या एकटीच्या नावावर घे. एक खोली तर येईल. माझ्याकडून भाडं घेऊ नकोस म्हणजे झालं." एरवी मी हसले असते. आता तो ओट्यापाशी भेंडी चिरतोय, रोजच्यासारखी, आणि उद्या त्याच्या नावाशिवायच्या अर्जावर मी सही करणार आहे. मला अजूनही काही वाटत नाही.

हे लिहिलेलं तू मागे ठेवून गेलेल्या पत्र्याच्या डब्यात जाईल, त्या कुंकवाच्या पत्राखाली. एक गोष्ट मी बँकेत बोलले नाही, त्याच्याशीही नाही. त्या दिवशी वसुलीवाला चहा संपवत होता तेव्हा तुझा जावई तुला म्हणाला होता, "आई, मी पूर्णच भरतो. दोन वर्षं लागतील, पण भरतो." तू माझ्याकडे बघितलंस. "कशाला? आई म्हणते तसं कर," असं मी म्हटलं. मला त्या पैशांत कानातले दिसत होते. जिन्यावर तो "हो" म्हणाला, तेव्हा त्याला हे आठवत होतं.