पट्टीखालची तुळस

ती. आईला नागपुराहून आरोहीचा नमस्कार.

मी बरी हाय. हॉस्टेलचं जेवण आता अंगी लागायला लागलंय. फोटोत माझ्या हातावर पट्टी दिसली असंल, पण लागलेलं काय नाय. सुंदराआत्यानं गोंदलेली तुळस झाकायला आमच्या मेट्रनबाई रोज ड्यूटीवर पट्टी बांधायला लावतात. नर्सच्या हातावर ते गावंढळ दिसतं म्हणे. आणि नव्या डॉक्टरीणबाईंच्या मनगटावर पाखराचा टॅटू हाय, तो बघून त्याच मेट्रनबाई म्हणतात, "किती नाजूक!" माझा नुसता जळफळाट होतो गं.

काल हात धुताना माझी पट्टी सुटली. डॉक्टरीणबाई हात धरून बघतच राहिल्या. "कुठं काढलंस? मलापण अशीच तुळस हवी." मग मेट्रनबाईंनापण ती छान वाटली. मला आनंद व्हायला पायजे होता, पण उलट जास्तच जळले.

भात झोडून झाला का? तुझे गुडघे कसे हायत?

आणि आत्याला सांगून ठेव, कुणी डॉक्टरीण आपल्या कुंभिवलीला गोंदून घ्यायला आली, तर सुई हरवली म्हणावं.

तुझीच,
आरोही