पायजम्याला प्रवेश

तीर्थस्वरूप मामांना वाकून नमस्कार. (वाकणं मनातल्या मनात समजावं. जिन्यावरून घसरलो, डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला गेला का? इकडे तुमचा भाचा लंगडत असला, तरी मान ताठ करून लंगडतो आहे. त्याचं कारण सविस्तर कळवतो.

तळमजल्यावरच्या खोलीत तुमची भाचेसून शिवणाचा वर्ग चालवते. ती खोली काढून घेऊन तिथे टेबल टेनिस मांडायचं आमच्या इमारतीच्या अध्यक्षांनी मनावर घेतलं आणि ठराव सभेपुढे आणला. घर माझ्या नावावर, म्हणून मत माझं (याबद्दल ती काय बोलते ते पत्रात मावणार नाही), तेव्हा मला जाणं भागच होतं. प्लास्टरवरून पँट चढेना, म्हणून बायकोचा आधार घेऊन पायजम्यातच निघालो. तर अध्यक्षांनी दारातच अडवलं आणि भिंतीवरची पाटी दाखवली: सभेस पायजमा घालून येऊ नये. मी प्लास्टर दाखवलं. त्यांनी पुन्हा पाटी दाखवली, आणि वर मला अर्थही शिकवला, की पाय जमा करून निजायचं कापड, म्हणून पायजमा. ते चारचौघांत शोभत नाही.

मामा, इथे गडी फसला. मी कुबडी रोवली आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "जमा नाही हो, जामा. फारसीत जामा म्हणजे वस्त्र. पायांत घालायचं वस्त्र तो पायजमा. तुमची पँटसुद्धा त्यातच आली."

मग पहिल्या रांगेतल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "मग अध्यक्षांनाही बाहेर थांबावं लागेल."

सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांच्या पायांवर. या न्यायाने सभेत फक्त बायकाच उरत होत्या, त्याही सगळ्या नव्हेत. अध्यक्षांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि स्वतः खुर्ची ओढून दिली; प्लास्टरसाठी दुसरीही दिली. माझ्या एका मताने ठराव पडला, मामा! परतताना बायकोने माझा दंड धरला आणि एवढंच म्हणाली, "बोललात बरं." आमच्या संसारात हे पदकच समजा.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा विजयी भाचा

ता. क. जामा म्हणजे वस्त्रच ना? तुम्ही सुट्टीत फारसी शिकवायचात तेव्हा ऐकल्यासारखं वाटतं, पण माझं लक्ष खिडकीबाहेर असायचं. अध्यक्ष सकाळीच ग्रंथालयाकडे जाताना दिसले. उलट टपाली कळवावं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच अध्यक्ष दारात. मी आधी कुबडी जवळ ओढली. म्हणाले, कोशात तसंच आहे. मग आवाज खाली आणून त्यांनी बायकोला विचारलं, एक शिवून मिळेल का, उकाड्यात पँट फार काचते. तेव्हा अर्थ राहू द्या, तुमचा तो घेरदार पायजमा नमुन्याला पाठवा. कंबर तुमच्याएवढीच आहे.