भिंतीवरील हयात इसमाचे चित्र बुजवून मिळणेबाबत

प्रति,
मा. श्रीमती कॅरोलिन बीचम,
भित्तिचित्र मंजुरी अधिकारी,
'नवा चेहरा' प्रकल्प कार्यालय,
बाल्टिमोर.

अर्जदार: लेम्युएल गॅस्किन्स, वय ५१, रक्त तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, राहणार पश्चिम बाल्टिमोर.

विषय: कोपऱ्यावरच्या भिंतीवरील अर्जदाराचे चित्र शनिवार दुपारच्या आत रंग मारून बुजविणे, तसेच अर्जदार जिवंत असल्याचे आपल्या सहीनिशी लेखी मिळणे.

संदर्भ: अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर आपले उत्तर, "सदर चित्र प्रेरणादायी असून त्यात मृत्यूसूचक काहीही नाही."

महोदया,

१. अर्जदार जिवंत आहे. ही गोष्ट अर्जात पहिल्या क्रमांकावर लिहावी लागेल असे त्याला कधी वाटले नव्हते. मागच्या दोन्ही अर्जांत ती बरीच खाली आली होती आणि तिथपर्यंत कुणी वाचले असावे असे आपल्या उत्तरावरून दिसत नाही.

२. चित्र कशासाठी काढले हे अर्जदाराला ठाऊक आहे. त्यामागच्या हेतूबद्दल त्याची तक्रार नाही. त्याच्या लहानपणी आमच्या बाजूच्या काळ्या मुलाने एक तर चेंडू खेळायचा, नाहीतर कडेला उभे राहून खेळणाऱ्यांच्या नावाने ओरडायचे. अर्जदार तिसरेच करी. परग्रहावरच्या लढायांची चित्रपुस्तके तो वर्तमानपत्राच्या क्रीडापानात गुंडाळून वाची आणि चर्चच्या तळघरात आणखी तिघांबरोबर वीस बाजूंचा फासा टाकून कल्पनेतल्या राक्षसांशी लढे. अशा मुलाला इथे नर्ड म्हणतात. "काय रे प्रोफेसर, गोऱ्याची नक्कल करतोस?" एवढे विचारून पोरे चष्मा काढून घेत. मार ठरलेला असे. पण त्या काळात कोपऱ्यावर ज्यांच्या नावाचा दबदबा होता ती मुले एकेक करून मारली गेली. अर्जदाराचे नाव कुणी घेत नसे. कोपऱ्यावरच्या आग विझवायच्या नळाकडे लोकांचे जितके लक्ष, तितकेच त्याच्याकडे. आपण वाचलो ते त्यामुळेच, असे अर्जदाराचे मत आहे आणि ते या प्रकरणात महत्त्वाचे आहे.

३. पुढे दिवस पालटले. मालिकांमध्ये चष्मेवाला काळा मुलगा नायक होऊ लागला. रॅप गाणारे जपानी कार्टूनची नावे घेऊ लागले. अर्जदाराचा न्हावी पोरांच्या डोक्यावर वस्तऱ्याने त्याच कार्टूनमधले वीर कोरू लागला. नजर चांगली असलेली मुले साध्या काचेचे चष्मे घालून फिरू लागली आणि भर रस्त्यात अर्जदाराला म्हणू लागली, "मि. लेम, तुम्ही तर ओरिजिनल! आम्ही नंतरचे." अर्जदाराला हे आवडले, खोटे कशाला लिहावे? म्हणून 'काळे नर्ड, आमचा अभिमान' या मालिकेसाठी आपल्या कार्यालयाने विचारले तेव्हा त्याने आनंदाने होकार दिला व फोटोसाठी नवा शर्ट घातला. चित्र वाचनालयाच्या अंगणात काढायचे ठरले होते. नंतर ते "अधिक दृश्यमानतेसाठी" कोपऱ्यावरच्या भिंतीवर हलवण्यात आले. अर्जदाराला ते भिंत रंगल्यावर कळले.

४. महोदया, आमच्या बाजूला भिंतीवर चेहरा एकाच कारणाने येतो, माणूस मारला गेला की. हे कुठल्या नियमात लिहिलेले नाही, पण चार वर्षांच्या पोरालाही माहीत असते. आपल्या कार्यालयाने पाठवलेली चित्रकार मुलगी चांगली होती, बाहेरून आलेली होती. तिने अर्जदाराच्या डोक्यामागे ताऱ्यांचे गोल कडे काढले, कारण त्याला आकाशाचे वेड आहे. खाली नाव लिहिले. नावाखाली जन्मवर्ष '१९७३' आणि त्यापुढे एक आडवी रेघ.

"रेघ कशाला?" अर्जदाराने विचारले.

"म्हणजे प्रवास चालू आहे!" ती हसून म्हणाली.

त्याच आठवड्यात भिंतीखाली पहिली मेणबत्ती लागली. मग श्रद्धांजलीची कापडी अस्वले आली. अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचा, वर्नेटाचा, फोन आला. "लेम, तूच बोलतोयस ना? माझ्याकडे तीन जणींनी दुखवट्याच्या म्हणून मॅकरोनी-चीजच्या पराती आणून दिल्यात, एकीनं तळलेली कोंबडी. फ्रीजचं दार लागत नाही. मी त्यांना काय सांगू?" जिवंत आहे म्हणून सांग, असे अर्जदार म्हणाला. तिने सांगितले. परात परत न्यायला एकही आली नाही.

शेजारच्या मिस अर्लीन आपल्या दारच्या संगमरवरी पायऱ्या घासत होत्या. अर्जदाराला पाहून त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "बरं वाटलं बाळा तुला बघून. म्हणजे अजून व्हायचंय तर."

४ (पुन्हा). क्रमांक चुकलेला नाही. त्या भिंतीवर अर्जदाराच्या आधी आमच्याच गल्लीतला मेल्विन होता. आपल्या माणसांनी त्याच्यावर पांढरा हात मारला आणि त्यावर अर्जदाराला काढले. ऑगस्टच्या उन्हात रंगाला फोड आले, ते सोलले आणि अर्जदाराच्या गालातून मेल्विनची हनुवटी दिसू लागली. मेल्विनची आई रोज येते. अर्जदार तिच्याशी बोलायला गेला तेव्हा ती काडी ओढता ओढता म्हणाली, "मी तुझ्यासाठी लावत नाहीये, लेम. तो तुझ्या मागे आहे. तू जरा सरक ना." अर्जदार खरोखर बाजूला सरकला. भिंतीवरचा सरकला नाही.

५. (हा परिच्छेद काढून टाकावा असे बहिणीचे म्हणणे होते. अर्जदाराने तो ठेवला आहे.) सप्टेंबरच्या सुरुवातीला कुणीतरी त्या रेघेपुढे खडूने चालू वर्ष लिहिले. अर्जदाराने ते ओल्या फडक्याने पुसले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा होते, या वेळी रंगाने. कुणी लिहिले ते कोपऱ्यावर कुणालाच माहीत नाही. आमच्या कोपऱ्यावर माहीत नसणे याचे बरेच अर्थ होतात. न्हाव्याने अर्जदाराची दाढी करताना आरशातून पाहत हळूच विचारले, "कुणाशी वाकडं आहे का तुझं?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग नीट आठव." त्या दिवशी त्याने पैसे घेतले नाहीत. अर्जदाराला याचीच सर्वात जास्त भीती वाटली.

६. (हा परिच्छेद रिकामा ठेवला आहे. शनिवारी काय होते त्यावर तो भरायचा की नाही ते ठरेल.)

७. आता श्री. थर्मन पिंकनी यांच्याविषयी. सातवीत असताना अर्जदाराचा चष्मा बहुतेक वेळा त्यांनीच फोडला. अर्जदाराच्या हातातून अंतराळयुद्धाच्या चित्रपुस्तकाचा पहिला भागही त्यांनीच हिसकावला. पुढे ते बरीच वर्षे तुरुंगात होते. तिथे वेळ होता म्हणून त्यांनी जवळच राहिलेला तो भाग वाचला, मग तुरुंगाच्या ग्रंथालयातून मागवून पुढचे सगळे वाचले. कागद भिजवून, वळून, वाळवून फासे केले आणि कोठडीतल्या माणसांना घेऊन राक्षसांशी लढले. ते सुटून आले ते हीच बातमी सांगायला. बसमधून उतरले तर समोर भिंत, भिंतीवर प्रोफेसर, खाली मेणबत्त्या.

त्यांनी तिथेच पदपथावर बसकण मारली आणि मोठ्याने रडले, असे मिस अर्लीन सांगतात. मग उठून, तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत सुटले: "कुणी केलं?"

हे ऐकून अर्जदार धावत कोपऱ्यावर गेला. थर्मन यांनी त्याला मिठी मारली, उचलले, खाली ठेवले, चष्मा सरळ करून दिला. पोटभर हसले. मग हसता हसता थांबले. भिंतीकडे पाहिले, रेघेपुढच्या आकड्याकडे पाहिले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तू जिवंत आहेस, तर मग हे काय आहे? हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय, प्रोफेसर."

अर्जदाराने अभिमान, मालिका, वाचनालय, सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "आपल्याला आता भाव आलाय, हे मला कळतं. आत टीव्ही होता. पण तू नीट बघितलंस का? सिनेमात काळा चष्मेवाला आला, हुशार बोलला, सगळ्यांना आवडला, की समजायचं. मरायला त्याचा नंबर पहिला. लोकांनी रडावं म्हणून गोष्ट लिहिणारे त्याला आधी आवडता करतात. तुला आवडता केलाय."



८. यानंतर श्री. पिंकनी यांनी भिंत वरपासून खालपर्यंत वाचली. उजव्या कोपऱ्यात खाली, बारीक अक्षरांत, "मंजुरी: सी. बीचम" असे लिहिलेले आहे. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "ही कोण?"

अर्जदाराने सांगितले की या एक अधिकारी आहेत, सज्जन बाई आहेत, त्यांचा काही संबंध नाही.

"गोष्टीखाली नाव हिचं, आणि संबंध नाही?"

९. येत्या शनिवारी दुपारी भिंतीखाली अर्जदाराच्या स्मरणार्थ, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, निळे फुगे सोडले जाणार आहेत. ते कुणी ठरवले याचा पत्ता नाही, त्यामुळे रद्द कुणाला करायला सांगावे तेही कळत नाही. अर्जदार जिवंत आहे हे ज्यांना ठाऊक आहे तेही येणार आहेत. फुगे आणलेत तर सोडायचेच, असे त्यांचे म्हणणे. पलीकडच्या दोन वस्त्यांतली पोरे येणार आहेत. श्री. पिंकनी तिथे मधोमध उभे राहून प्रत्येकाला तो आकडा कुणी लिहिला हे विचारणार आहेत. फुगे सोडताना आमच्याकडे यापूर्वी काय काय झाले, ते आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. एकासाठी जमलेले लोक घरी जाताना दुसऱ्यासाठी रडत गेले आहेत. श्री. पिंकनी सुटून आलेले आहेत. त्यांचा हात नुसता उगारला गेला तरी ते परत आत जातील. आणि कुणी उत्तर म्हणून आणखी काही उगारले, तर त्या रेघेपुढचा आकडा खरा ठरेल. तो कुणाच्या नावापुढे, एवढाच प्रश्न.

१०. हा परिच्छेद श्री. पिंकनी यांनी सांगितला तसा उतरवला आहे. अर्जदाराने त्यात फेरफार केल्यास आपल्याला कळेल, असे त्यांनी बजावले आहे:

"बाई, माझं तुमच्याशी भांडण नाही. मी लहानपणी याला मारायचो, तेव्हा याला मारायचा हक्क फक्त माझा होता. आता तो कुणालाच नाही. तुम्ही त्याला मोठा केलात, ठीक. पण कोपऱ्यावर मोठं झालेलं माणूस टिकत नाही, आणि तुम्ही रोज तिकडे नसता. मी असतो. मला एवढंच सांगा, गोष्टीत पुढं काय आहे? हा शेवटपर्यंत राहतो का? तुम्हाला माहीत असेल तर सांगा. माहीत नसेल तर पुसून टाका. मी वाट बघीन."

११. तरी विनंती अशी की,

(अ) चित्र वाचनालयाच्या अंगणात हलवावे. (हे खोडले आहे. आता कुठेही नको.)

(ब) शनिवार दुपारच्या आत चित्र बुजवावे. शिडी व रंग अर्जदार आणील. आपला एक माणूस व मंजुरीचा कागद हवा, कारण त्या भिंतीसमोर हातात डबा घेऊन उभ्या असलेल्या काळ्या माणसाला पोलीस आधी काय विचारतील हे सांगता येत नाही, आणि विचारतील की नाही हेही.

(क) त्या जागी मेल्विन परत काढावा. त्याची आई फोटो देईल.

(ड) "लेम्युएल गॅस्किन्स हयात आहेत व त्यांच्याविषयी पुढे काही ठरलेले नाही" असे आपल्या सहीनिशी द्यावे. दुसरा अर्धा भाग श्री. पिंकनी यांच्यासाठी आहे.

१२. हा अर्ज टपालाने पाठवायचा होता. टपालावर श्री. पिंकनी यांचा विश्वास नाही, आणि शनिवारपर्यंत ते अर्जदाराला एकटे कुठेही जाऊ देत नाहीत. म्हणून अर्ज समक्ष सादर केला आहे. आपण हे वाचत असताना आम्ही दोघे आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलो आहोत. दाराकडच्या बाजूला ते आहेत.

आपण स्वतः बाहेर यावे आणि दोन वाक्यांत सरळ सांगावे, ही विनंती. ते नीट ऐकतात. फक्त 'प्रेरणादायी' हा शब्द वापरू नये. त्यांनी हात कोटाच्या आत घातला तर तिथे चित्रपुस्तकाचा पहिला भाग आहे. तो त्यांना अर्जदाराला परत द्यायचा आहे, पण आपल्यासमोर, साक्षीदार म्हणून. आतापर्यंत त्यांनी दोनदा हात घातला आणि दोन्ही वेळा मेजामागच्या बाईंनी टेलिफोन उचलला.

कृपया पहारेकऱ्याला बोलावू नये. बोलावल्यास पुढे काय होते, ते आमच्या बाजूच्या भिंतींवर काढलेले आहे.

आजमितीस हयात व आपला नम्र,

(सही)
लेम्युएल गॅस्किन्स
गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

सोबत:
१. भिंतीचा फोटो (आकडा लिहिण्यापूर्वीचा)
२. भिंतीचा फोटो (आकडा लिहिल्यानंतरचा)
३. अर्जदार कामावर हजर असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला
४. श्री. थर्मन पिंकनी, समक्ष