स्टिअरिंग जॅमच्या बरण्यांमागे

नेव्हिल,

तुझ्या गाडीचं स्टिअरिंग हरवलेलं नाही. कपाटात, जॅमच्या बरण्यांमागे आहे. रेसच्या ट्रॅकवर गाडी घसरून तू मनगट मोडून घेतलंस, त्याच दिवशी खटका दाबून मी ते काढलं आणि लपवलं. प्लास्टर निघाल्यापासून तू सगळं गॅरेज उपसलंस. पण जॅमचं कपाट उघडणं तुझं काम थोडंच आहे!

काल मी बहिणीकडे गेले नव्हते. तुझ्या क्लबातल्या बर्नार्डला म्हटलं, "एकदा मला तुझ्या गाडीत बसव, म्हणजे नवऱ्याशी नीट भांडता येईल." तो म्हणाला, "ग्लेनिस, ओरडलीस तरी ऐकू येणार नाही हं."

दार नाही, छत नाही, हात बाहेर सोडला तर रस्त्याला लागेल. पहिली फेरी मी डोळे मिटून काढली. दुसरीत उघडले, तर पुढचं उघडं चाक माझ्या समोरच, रस्त्याचा खडा न् खडा चाचपत वळणात शिरत होतं. मग चढ संपला आणि पुढे रस्ताच दिसेना, नुसतं आभाळ. इतकी वर्षं चर्चमध्ये गुडघे टेकले, पण असा श्वास कधी अडकला नव्हता. आणि अशीच गाडी तू आपल्या गॅरेजमध्ये, खोक्यांतले सुटे भाग जोडून उभी केलीस!

ट्रॅकवरून आलास की जेवताना तू गप्प असतोस. मला वाटायचं, घरी यायचा कंटाळा. काल मी गप्प होते, तर तू विचारलंस, "बहिणीशी भांडलीस का?"

स्टिअरिंग बसवून ठेव. मी हेल्मेट आणायला गेलेय. तुझं मला ढिलं होतं.

ग्लेनिस